मेलेलं माकड आणि गावाचं आरोग्य

मुलांनो, रानात एखादं माकड मरून पडलं, तर ती बातमी डॉक्टरांना कशाला हवी, असं वाटेल तुम्हाला. पण कधीकधी सगळ्या गावाचं आरोग्य त्या बातमीवर अवलंबून असतं!

गोष्ट १९५७ सालची. आताच्या कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी आजारी माणसांचं रक्त तपासलंच, शिवाय मेलेली माकडं तपासली आणि रानातल्या गोचिडीही गोळा केल्या. तेव्हा कुठे एक नवाच विषाणू सापडला. या रोगाला आपल्याकडे ‘माकडताप’ म्हणतात.

मग माकडं गुन्हेगार का? मुळीच नाही! तीही बिचारी रोगीच. विषाणू पसरवते ती गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. तिथून कोणी गेलं की त्याला चावतात. एका माणसापासून दुसऱ्याला मात्र हा ताप होत नाही.

२०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हा ताप आला. काजूच्या बागेत काम करणारी कितीतरी माणसं आजारी पडली. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट, दोन्ही एकाच वेळी!

म्हणूनच वनरक्षक, पशुवैद्य आणि डॉक्टर या तिघांनी एकमेकांना वेळेवर कळवायला हवं. माकड मेल्याचं कळलं, की त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत कीटकनाशक पावडर मारतात आणि गावाला सावध करतात. माणसं, जनावरं आणि रान यांचं आरोग्य एकच, या विचाराला ‘वन हेल्थ’ म्हणतात.

यात तुमचंही काम आहे बरं का! मेलेलं माकड दिसलं, तर हात लावू नका, काठीने ढोसू नका. लगेच घरी, शाळेत किंवा आरोग्य केंद्रात सांगा. रानात जाताना अंगभर कपडे घाला. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात धुवा. आणि रानातून आल्यावर कोणाला ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आठवणीने सांगा. तेवढ्या एका वाक्याने रोग लवकर ओळखता येतो.