घरच्या डार्करूमसाठी डेव्हलपिंग टँक : घेताना काय पाहावे?

लग्नसराईतली गोष्ट आहे. आमच्या परिचयातल्या एका फोटोग्राफरने निकाहचे दोन रोल ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काढले. काही फोटो जुन्या पद्धतीचे असावेत, अशी मुलीच्या वडिलांची हौस होती. रोल धुण्यासाठी त्याने एक सेकंडहँड डेव्हलपिंग टँक स्वस्तात आणला होता. दोन्ही रोल बाहेर काढले तर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत काळेठिक्कर! औषध ठीक होते, कॅमेराही ठीक होता. टँकच्या मधोमध बसणारी पोकळ नळी तेवढी नव्हती. विकणाऱ्याने ते सांगितले नाही आणि घेणाऱ्याला अशी नळी लागते हेच ठाऊक नव्हते. फोटोग्राफरने पैसे परत केले, पण निकाह काही पुन्हा होत नाही. गिऱ्हाइकाची अमानत गेली ती गेलीच.

म्हणून टँकची निवड हा विषय वरवर लहान वाटला तरी धंद्याच्या दृष्टीने लहान नाही. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' माल एके काळी आपल्या स्टुडिओंत सर्रास असे. तो कारखाना आता बंद आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आज मुख्यतः परदेशातून येते. इंग्लंडची इलफोर्ड आणि अमेरिकेची कोडॅक ही त्यातली ओळखीची नावे. रोल महाग आणि तो धुणारे हात थोडे. हौशी तरुण पुन्हा जुने कॅमेरे बाहेर काढू लागले आहेत, पण रोल धुऊन देणाऱ्या लॅब मोठ्या शहरांत मोजक्याच उरल्या आहेत. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा गावांतल्या स्टुडिओवाल्याला हे काम जोडधंदा म्हणून करता येण्यासारखे आहे. यावर सगळे घर चालेल असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जो भरवशाने रोल धुऊन देईल, त्याच्याकडे काम येईल.

घरात फिल्म धुणे महाराष्ट्राला नवे नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरातच त्यांनी फिल्म धुण्याची सोय केली. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती औषधात धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबत. त्या कष्टातून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यांना सारे काम अंधारात करावे लागे. आजच्या टँकमुळे अंधार लागतो तो फक्त फिल्म भरण्यापुरता, पाच-दहा मिनिटे. पुढचे सगळे काम उजेडात, मोरीजवळ बसून करता येते.

टँकचे भाग

टँक म्हणजे उजेड न शिरणारा डबा. त्यात एक चक्री असते, तिला स्पायरल म्हणतात. फिल्म या चक्रीच्या खाचांत अशी गुंडाळली जाते की एक वेढा दुसऱ्याला चिकटत नाही आणि औषध सगळीकडे पोचते. प्लॅस्टिकच्या टँकमध्ये चक्री मधल्या पोकळ नळीवर बसते आणि वर नरसाळ्यासारखे झाकण लागते. नळी आणि झाकण मिळूनच उजेड अडवतात. औषध आत जाते, पण उजेड जात नाही. त्यावर पाणी न गळणारे दुसरे झाकण बसते, त्यामुळे टँक उलटासुलटा करता येतो. नळी नसेल तर तो टँक नव्हे, नुसता डबा. सुरुवातीच्या गोष्टीत नेमके हेच झाले.

प्लॅस्टिक की स्टील?

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. प्लॅस्टिकमध्ये इंग्लंडचा पॅटरसन सर्वांत परिचित आहे. जर्मनीचा जोबोही चांगला. पॅटरसनची चक्री कमी-जास्त रुंद करता येते, त्यामुळे ३५ मि.मी. आणि १२० अशा दोन्ही फिल्मना एकच चक्री चालते. फिल्म बाहेरच्या कडेने आत सरकवायची असते. खाचेतले छोटे छर्रे ती पकडतात आणि दोन्ही हातांनी चक्री मागे-पुढे फिरवली की फिल्म आपोआप आत जाते. नवख्याला हे दोन दिवसांत जमते. याचा दोष एकच, पण आपल्याकडे तो मोठा आहे. चक्रीला जरा ओल असली की फिल्म मध्येच अडकते. पावसाळ्यात, बंद खोलीत, घामेजलेल्या हातांनी भरताना हा त्रास हमखास होतो. म्हणून चक्री आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवावी, हात पुसावेत आणि भरण्यापूर्वी फिल्मच्या टोकाचे कोपरे कात्रीने गोल करावेत.

स्टीलच्या टँकमध्ये चक्री तारेची असते. फिल्म मधल्या भागात अडकवून आतून बाहेर गुंडाळायची असते. ३५ मि.मी. आणि १२० साठी चक्र्या वेगवेगळ्या लागतात. हात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की काम झटपट होते. ओलीचा अडथळा येत नाही. एक रोल धुऊन चक्री पुसली की लगेच दुसरा भरता येतो. मात्र चक्री एकदा पडून वाकली की ती बाद समजावी. वाकलेल्या चक्रीत फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि तिथे औषध पोचत नाही.

जुन्या सामानात बेकेलाइटचे टँकही दिसतात. त्यांपैकी बरेचसे उलटे करता येत नाहीत, वरची दांडी फिरवून औषध हलवावे लागते. शिकण्यापुरते ते चालतील, पण गिऱ्हाइकाच्या कामाला घेऊ नयेत.

आपला उन्हाळा आणि २० अंश

टँकच्या पुस्तकांत न सांगितलेली, पण गोंदियात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता. ब्लॅक अँड व्हाइटच्या डेव्हलपरचे वेळापत्रक २० अंश सेल्सिअस धरून दिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. औषध जितके गरम तितके काम जलद होते, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात धुतलेली फिल्म बहुधा डागाळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, औषध पातळ करून वापरावे. इलफोर्डची एचपी-५ प्लस फिल्म आयडी-११ च्या मूळ द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटांत होते. तेच औषध तितक्याच पाण्यात मिसळले तर १३ मिनिटे लागतात. पाणी २४ अंशांच्या खाली येत नसेल, तर पातळ औषधाने सुमारे ९ मिनिटे लागतील. ही वेळ हाताळण्यासारखी आहे. दुसरा उपाय, औषधाच्या बाटल्या आणि टँक एका घमेल्यात थंड पाण्यात ठेवावेत. कोरड्या उन्हाळ्यात माठाचे पाणी यासाठी उत्तम. पावसाळी दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, तेव्हा पाण्याच्या बाटल्या गोठवून घमेल्यात सोडाव्यात. बर्फ थेट औषधात कधीही टाकू नये, औषध पातळ होते. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी यांच्या उष्णतेत दोन-तीन अंशांहून जास्त फरक नको. गार औषधातून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्यावरचा थर सुरकुततो, आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

इथे टँकचा फरक कळतो. स्टील घमेल्यातल्या पाण्याचा गारवा लगेच घेते. प्लॅस्टिक तो हळू घेते, पण बाहेरची गरमीही हळूच आत सोडते. घमेल्याची सोय असेल तर स्टील सरस, नसेल तर प्लॅस्टिक बरे. रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर तर सुमारे ३८ अंशांवरच चालतो, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या खोलीइतकाच. पण त्यात अर्ध्या अंशाची चूकही रंग बिघडवते, म्हणून नवख्याने रंगीत कामापासून सुरुवात करू नये.

मापाचा हिशेब

टँक किती मोठा घ्यावा? पॅटरसनमध्ये ३५ मि.मी. च्या एका रोलला २९० मि.ली. आणि १२० च्या रोलला ५०० मि.ली. औषध लागते. स्टीलच्या लहान टँकमध्ये ३५ मि.मी. चा एक रोल सुमारे २४० मि.ली. मध्ये बुडतो. समजा, आपल्याकडे १ लिटर मूळ डेव्हलपर आहे आणि आपण तो निम्मे पाणी घालून एकदाच वापरतो. प्लॅस्टिकमध्ये त्यात ६ रोल होतील आणि स्टीलमध्ये ८. पण कोडॅक सांगते की डी-७६ असा पातळ करून २४० मि.ली. मध्ये ३६ फोटोंचा पूर्ण रोल धुतला, तर वेळ १० टक्के वाढवावी. बचत आहे, पण ती मोजूनच करावी.

सुरुवातीला दोन रोलचा टँक घ्यावा. त्यात ३५ मि.मी. चे दोन किंवा १२० चा एक रोल बसतो. दोन रोलच्या टँकमध्ये एकच रोल धुताना चक्री नळीवर तळाशी दाबून बसवावी आणि वर रिकामी चक्री ठेवावी. नाहीतर टँक हलवताना चक्री वर सरकते आणि फिल्मचा काही भाग औषधाबाहेर राहतो.

सेकंडहँड घेताना

(१) मधली नळी, दोन्ही झाकणे आणि चक्री आहेत ना, हे स्वतः मोजून पाहावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसतीलच असे नाही.

(२) टँक पाण्याने भरून झाकण लावावे, दहा वेळा उलटा करावा. थेंब-दोन थेंब चालतील, धार नको.

(३) प्लॅस्टिकच्या चक्रीतले छर्रे सुटे आहेत का, ते हलवून पाहावे. चिकट झालेली चक्री कोमट पाण्यात टूथब्रशने घासावी.

(४) स्टीलची चक्री डोळ्यांसमोर धरावी. दोन्ही बाजूंच्या तारा समांतर दिसल्या पाहिजेत.

(५) शेवटची परीक्षा उजेडाची. अंधारात टँकमध्ये फोटो पेपरचा तुकडा टाकावा, झाकण लावून दहा मिनिटे उन्हात ठेवावे आणि मग तो तुकडा धुवावा. पांढरा राहिला तर टँक पास.

पहिला रोल गिऱ्हाइकाचा नको

एक वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात चक्री भरण्याचा सराव करावा. खोली खरोखर अंधारी आहे का, हे पाच मिनिटे आत बसल्यावरच कळते. फट दिसली तर आधी बुजवावी. औषध घातल्यावर टँक तळावर हलका आपटावा, म्हणजे बुडबुडे सुटतात. नंतर दर मिनिटाला चार वेळा उलटा करावा.

हायपोनंतर धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. इलफोर्डची रीत अशी : टँक भरून ५ वेळा उलटा करावा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. पाण्याचा इस्राफ टळतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये, वेगळ्या कॅनमध्ये साठवावा. औषधांची भांडी स्वयंपाकघरात जाऊ देऊ नयेत आणि बाटल्यांवर नावे लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

जे व्यापारी बंधू जुने कॅमेरे आणि सामान विकतात, त्यांनाही एक सांगणे आहे. मालात ऐब असेल तर तो गिऱ्हाइकाला सांगणे शरीअतने विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. एक नळी नाही, एवढे एक वाक्य त्या दिवशी बोलले गेले असते तर एका बापाची हौस अशी काळवंडली नसती. आणि रोल हाती घेणाऱ्या कारागिराने हे लक्षात ठेवावे, की रोल धुण्याचा मोबदला आपला, पण आतली फिल्म दुसऱ्याची अमानत आहे. टँक पारखून घेतला, हात बसवला आणि मापात कसूर केली नाही, तर या जोडधंद्यात बरकत होईल, इन्शाअल्लाह.