पशूंची छाप आणि रंगांची खूण

दुकानात जाऊन अमक्या कारखान्याचा माल द्या असे म्हणणारे गिऱ्हाईक थोडे. 'हत्ती छाप द्या', 'घोडा छाप द्या' म्हणणारेच फार. नाव वाचावे लागते. हत्ती नुसता दिसला की पुरे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात उतरे, तेव्हा ताग्यांवर हत्ती, वाघ, मोर यांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मागच्या खेपेचाच माल ओळखून घेता यावा, हा त्यातला हेतू.

मग पशू कोणता घ्यावा? प्यूजो हे फ्रेंच नाव आज मोटारींमुळे ठाऊक आहे. पण हे घराणे आधी करवती करी. १८४७ साली त्यांनी सिंहाची आकृती करवून घेतली आणि १८५८ साली ती नोंदविली. करवतीचे दाते सिंहाच्या दातांसारखे कठीण, पाते त्याच्या कण्यासारखे लवचिक, काप त्याच्या झेपेसारखा जलद, असा तो मेळ होता. शिवाय सिंह मिळे तो पहिल्या प्रतीच्या मालालाच. दुसऱ्या प्रतीवर चंद्रकोर असे, तिसऱ्या प्रतीवर हात. म्हणजे सिंह ही शोभा नव्हती. ती मालाविषयीची कबुली होती.

रंगाचे काम निराळे. इटलीचा वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावर उधळलेला काळा घोडा होता. तो १९१८ साली युद्धात पडला. पुढे त्याच्या आईच्या सांगण्यावरून एन्झो फेरारी यांनी तो घोडा घेतला आणि १९३२ पासून तो त्यांच्या शर्यतीच्या गाड्यांवर आला. घोडा काळाच राहिला; पार्श्वभूमी मात्र फेरारींनी पिवळी केली, कारण पिवळा हा त्यांच्या मोडेना गावाचा रंग. घोड्याने वीराची आठवण ठेवली, रंगाने गावाची. शिवाय पिवळ्यावरचे काळे चित्र लांबूनही उठून दिसते, हा व्यवहारी लाभ वेगळाच.

आकृती आधी रंगाने ओळखू येते, तपशील मागाहून दिसतो. नक्कल करणारा नेमके हेच हेरतो. तो पशू जरा बदलतो, रंग तेच ठेवतो. आणि घाईतले गिऱ्हाईक फसते. १९६२ साली 'अमृतधारा' खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी धरली ती सामान्य बुद्धीच्या, अपुऱ्या आठवणीच्या गिऱ्हाइकाची. तो वाद नावांचा होता. पण चित्रांनाही कसोटी हीच लागते. दोन छापा शेजारी ठेवून फरक शोधायला बाजारात सवड कोणाला असते?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : छापेवरचा सिंह मालाला बळ देत नाही, मालच सिंहाची पत राखतो. छाप ओळखायला डोळे पुरतात. ती खरी आहे की नाही, हे वस्तू घरी आणून वापरल्यावरच कळते.