टेंडरमधली चूक: कोणती चालते, कोणती नाही?

इथं बंगळुरूत, आमच्या जे. पी. नगरात रस्त्याचं काम निघालं की कुणीतरी मला विचारतंच, "कर्नलसाहेब, एक कागद कमी म्हणून टेंडर बाद करायचं, हा अन्याय नाही का?" फौजेत मी खरेदी समित्यांवर बसलोय. उत्तर एकच: चूक कशातली आहे ते बघा.

कसोटी सोपी आहे. ही चूक सुधारू दिली, तर दुसऱ्यावर अन्याय होतो का? टेंडर न भरलेल्यावरसुद्धा?

जीएसटी नोंदणीची प्रत जोडायची राहिली, तर मुदत देऊन मागवता येते. मात्र नोंदणी टेंडर उघडण्याआधीची हवी. दर आणि एकूण रक्कम जुळत नसेल, तर दर धरतात. आकडा आणि अक्षर जुळत नसेल, तर अक्षर. पण उशिरा आलेलं टेंडर किंवा मागाहून बदललेला दर चालत नाही.

पोद्दार स्टील प्रकरणात बयाण्याचा चेक स्टेट बँकेऐवजी युनियन बँकेचा होता. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही दुय्यम अट आहे, तिच्यात सूट देता येते.

याच्या उलट प्रकरण मुंबईचं. 1977 साली विमानतळावरच्या उपाहारगृहाचं टेंडर निघालं. अट होती नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालकाची, 5 वर्षांच्या अनुभवाची. काम मिळालं कॅन्टीन चालवणाऱ्यांना. रमणा शेट्टी न्यायालयात गेले. 1979 मध्ये न्या. भगवतींनी निकाल दिला, की जाहीर केलेली पात्रतेची अट सरकारी संस्थेलाही बांधते. ती वाचून जे फिरकलेच नाहीत, त्यांचं काय?

तरीही करार रद्द झाला नाही. शेट्टी पाच महिन्यांहून अधिक उशिरा आले होते, तोवर ठेकेदाराचा मोठा खर्च झाला होता. शिवाय त्यांचा स्वतःचा हेतूही न्यायालयाला खरा वाटला नाही. तत्त्व जिंकलं, अर्जदार हरले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. अट संदिग्ध वाटली, तर टेंडर भरण्याआधीच लेखी विचारा. करारानंतर चूक सापडली, तर दुरुस्ती दोघांच्या लेखी संमतीनं करा, आणि तिनं मूळ स्पर्धेचा निकाल फिरता कामा नये. अन्याय वाटला, तर थांबू नका. कर्नाटकच्या 1999 च्या पारदर्शकता कायद्यात अपिलाला 30 दिवस आहेत.

खर्च होतो तो पैसा तुमचा-माझाच आहे. जय हिंद.