मऊ चालीची शेवटची दहा वर्षं

ब्रिटनमध्ये नव्या जॅग्वारची विक्री २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये थांबली. त्याच महिन्यात कंपनीने नवं बोधचिन्ह आणलं आणि एक जाहिरात आणली, ज्यात भडक कपड्यांतली माणसं होती पण गाडी एकही नव्हती. डिसेंबरमध्ये मायामीत विजेवरची एक संकल्पना-गाडी गुलाबी आणि निळ्या रंगांत दाखवली. कॉव्हेंट्रीच्या आसपास ज्या घरांच्या चुली या नावावर पेटल्या, तिथे हे जिव्हारी लागलं. मी इथे वीस वर्षांहून जास्त काळ राहतोय, मलाही लागलं. तेव्हापासून मराठी मित्रांचे फोन येतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: एखादी सेकंड हँड वेगवान कूपे घ्यायची आहे, पण पन्नाशीची पाठ सांभाळून, कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. २००६ ते २०१४ मधली जॅग्वार एक्सके. हे उत्तर गाडीच्या रूपावरून आलेलं नाही. वेग आणि आराम यांची फारकत कधी झाली आणि कोणी केली, हे मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे.

सुरुवात फार मागची आहे, तिच्यावरून भराभर पुढे जातो. १९६१ च्या ई-टाइपला सगळे तिच्या लांब नाकासाठी ओळखतात. तिची खरी करामत मागच्या चाकांमध्ये होती. बॉब नाइट या अभियंत्याने तिथलं सस्पेन्शन एका पोलादी चौकटीत बसवलं, प्रत्येक चाकामागे दोन-दोन स्प्रिंगा दिल्या, ब्रेक चाकांपासून काढून आत डिफरन्शियलजवळ नेले आणि सगळी चौकट रबराच्या बुशांवर टांगली. त्यामुळे चाकाचं वजन घटलं आणि रस्त्याचा आवाज रबरातच मुरला. १९६८ च्या एक्सजे-सिक्समध्ये हीच विद्या इतकी पिकली, की पुढे कित्येक वर्षं इतर कारखाने तिच्याशी तुलना करून आपल्या गाड्या तपासत. नंतरची एक्सजे-एसची एकवीस वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. १९९६ ची एक्सकेएट देखणी होती, पण सांगाडा जुनाच. सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या लेपाची आणि प्लॅस्टिकच्या चेन-टेन्शनरची दुखणी होती, आणि खालून ती गंजते. स्वस्त मिळते म्हणून कोणी विचारलं तर मी नको म्हणतो.

मी पुण्याहून नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला आलो तो २००४ चा सप्टेंबर. त्याच महिन्यात ब्राउन्स लेनची जोडणी बंद करणार असल्याची घोषणा झाली. अर्धशतक जिथे जॅग्वार जन्मल्या तो कारखाना पुढच्या वर्षी थंडावला. मालक फोर्ड होते, पैसा आटत चालला होता. अशा वर्षांत कारखान्यातून चांगलं काही बाहेर पडेल असं शहरात कोणाला वाटत नव्हतं. आणि २००६ मध्ये कॅसल ब्रॉमिचच्या कारखान्यातून नवी एक्सके आली.

इयन कॅलम यांनी काढलेल्या तिच्या आकाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला बोलायचं आहे ते तिच्या अंगाबद्दल. सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा, विमानासारखा रिव्हेट मारून आणि इपॉक्सीने चिकटवून जोडलेला. कूपेचं वजन सोळाशे किलोच्या आत. आणि ताठ इतका, की अभियंत्यांना स्प्रिंगा मऊ ठेवण्याची मुभा मिळाली. गाडी आरामशीर करायची किल्ली इथे आहे. सांगाडा पिळवटणारा असेल तर वळणावर तो डोलतो, आणि तो डोल झाकायला स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. ताठ सांगाड्यात चाकं खाली मोकळेपणाने वर-खाली होतात आणि बसलेल्या माणसापर्यंत फारसं काही पोचत नाही. त्यावर रस्ता पाहून कडक-मऊ होणारे डँपर. ते कसे लावायचे हे ठरवणारे माइक क्रॉस यांच्यासारखे अभियंते होते, जे संगणकाच्या आकड्यांइतकाच बुडाखालच्या सीटवर विश्वास ठेवत.

कंपनीचं चाचणी केंद्र असलेल्या गेडनजवळून फॉस वे जातो. रोमनांनी आखलेली सरळ वाट, आता अरुंद, लाटांसारखी वर-खाली होणारी, कडेने उखडलेली. कडक गाडी तिथे ताशी पन्नास मैलांवर उड्या मारू लागते आणि चालक आपोआप वेग कमी करतो. एक्सके त्याच वेगात तिथून शरीर स्थिर ठेवून जाते. स्टिअरिंगवरची बोटं सैल राहतात. मऊ गाडी हळू असते हा समज त्या एका रस्त्यावर पाच मिनिटांत गळून पडतो. खडबडीत रस्त्यावर तीच खरी वेगवान असते, कारण तिचे टायर जमिनीवर असतात.

आई एकदा पुण्याहून आली होती, कमरेचा पट्टा लावून. हीथ्रोहून एम फॉर्टी महामार्गाने येताना ती एक्सकेच्या पुढच्या सीटवर बसली आणि ऑक्सफर्डच्या अलीकडेच झोपली. लेमिंग्टनच्या आमच्या गल्लीत एक जुना खड्डा आहे, तिथे जागी झाली आणि म्हणाली, "आलं का रे घर? आपल्या एक्सप्रेसवेवर पण एवढी झोप लागत नाही मला." ज्या गाडीत ती झोपली तिला शंभर किलोमीटरचा वेग गाठायला साधारण सहा सेकंद लागतात.

२००८ च्या जूनमध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. इथल्या वर्तमानपत्रांतला सूर शंकेचा होता. आम्हा मराठी मंडळींच्या घरांत पेढे वाटले गेले. टाटांच्या पिंपरी कारखान्यातले लोक कॉव्हेंट्रीत कंपनीच्या व्हिटलीच्या केंद्रात येऊ लागले आणि कँटीनमध्ये मराठी ऐकू यायला लागली. पुढे जॅग्वारच्या एक्सएफ या सेडानची जोडणीही पुण्यात होऊ लागली. त्या दोन-तीन वर्षांत मला खरंच वाटलं होतं की ही मऊ चाल आता सुरक्षित हातांत आहे.

तसं झालं नाही, आणि दोष मी सगळा कारखान्याला देत नाही. त्या दशकात गाड्यांच्या मासिकांनी जे केलं ते मला आजही खुपतं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर किती सेकंदांत फेरी मारली, हा गाडीच्या गुणवत्तेचा पुरावा ठरला. बीएमडब्ल्यूने त्याच काळात जाड भिंतींचे रनफ्लॅट टायर सर्रास बसवायला सुरुवात केली, आणि ठोके देणाऱ्या त्या गाड्यांना परीक्षकांनी 'स्पोर्टी' म्हणून जास्त गुण दिले. आरामशीर गाडीला म्हाताऱ्यांची गाडी म्हटलं गेलं. विक्री खात्याने ते वाचलं आणि रिमा मोठ्या होत गेल्या. एक्सकेची जोरकस आवृत्ती, २०११ ची एक्सकेआर-एस, दहा मिलिमीटर खाली बसवलेली आणि स्प्रिंगा कडक केलेली आली. २०१३ मध्ये दोनच सीटांची, ओरडणाऱ्या सायलेन्सरची एफ-टाइप आली, पुढच्या वर्षी एक्सके बंद झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीने पुढे फक्त विजेच्या गाड्या करायचं ठरवलं आणि त्याच दिवशी जवळपास तयार झालेली विजेवरची एक्सजे रद्द केली. २०२४ मध्ये एफ-टाइपही गेली. बाकीच्यांचंही तेच. ऑडीची टीटी २०२३ मध्ये संपली आणि मर्सिडीजने सी आणि ई वर्गातल्या दोन कूपेंची मिळून एकच केली. बॉब नाइटपासून चालत आलेली विद्या शिकवायला आता कारखान्यात गाडीच नाही.

म्हणून जी शिल्लक आहे ती नीट निवडायला हवी, आणि इथेही जुना आजार आडवा येतो. बाजारात पुष्कळशा एक्सकेंना वीस इंची चाकं आहेत, कारण फोटोत ती छान दिसतात. अठरा इंची चाकाला पुढचा टायर २४५/४५ मापाचा असतो, म्हणजे रबराची भिंत ११० मिलिमीटर. वीस इंचीला पुढे २५५/३५, भिंत ८९ मिलिमीटर. या २१ मिलिमीटरमध्ये गाडीचा निम्मा आराम असतो. बर्मिंगहॅमबाहेरच्या एका विक्रेत्याने मला वीस इंची चाकांची एक्सकेआर 'निर्दोष' म्हणून दाखवली होती. चाकामागे टॉर्च मारला तर रिमच्या आतल्या कडेला तडा वेल्डिंगने भरून वर रंग दिलेला होता. विचारल्यावर तो म्हणाला, इथल्या खड्ड्यांत सगळ्यांचंच होतं. त्याचं हे वाक्य खरं होतं आणि गाडी लबाडीची होती.

ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून तिच्या सगळ्या वार्षिक एमओटी तपासण्या फुकट पाहता येतात. नापास कधी झाली हे सगळे पाहतात. तुम्ही परीक्षकाने दिलेल्या सूचना वाचा. सस्पेन्शनचा बुश झिजला, टायरची आतली कड गेली, असं वर्षामागून वर्ष लिहिलेलं असेल तर मालकाने गाडी फक्त पुसली आहे, राखलेली नाही. झिजलेल्या बुशांची एक्सके चालवून लोक म्हणतात की ही कसली आरामशीर! बुश आणि शॉकअप बदलले की तीच गाडी खड्डे गिळू लागते. झेडएफचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयुष्यभर तेल न बदलता चालेल असं सांगितलं जायचं; तो बनवणारी झेडएफ स्वतः तेल बदलायला सांगते. बदलल्याची पावती मागा. इंजिनांत ४.२ लिटरचं जास्त भरवशाचं आहे. २००९ पासूनचं ५.० लिटरचं जोरकस आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेनचे टेन्शनर आणि थंडाव्याच्या प्लॅस्टिक नळ्या त्रास देतात. ॲल्युमिनियम असल्याने गाडी पोलादासारखी गंजून खचत नाही, पण रंगाखाली फुगे येतात, कडा बोटाने चाचपून पाहा. रस्ता-कर वर्षाला सातशे पौंडांच्या वर जातो, तो आधीच हिशेबात धरा. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या स्वच्छ हवेच्या क्षेत्रांत मात्र तिला पैसे भरावे लागत नाहीत.

पुण्याचे मित्र विचारतात, निवृत्तीनंतर ती घेऊन परत येता येईल का? येणार नाही. तीन वर्षांहून जुनी अशी गाडी भारतात आयात करता येत नाही. ती इथल्याच रस्त्यांवर चालवायची. तेव्हा ४.२ लिटरची, अठरा इंची चाकांची, पावत्यांची फाइल जाड असलेली आणि रंग थोडा फिका पडलेली एक्सके दिसली, तर चकचकीत वीस इंचीच्या मोहात पडून ती सोडू नका.