शिंकावा वस्तीतील लोकसंग्रह

गीताजयंतीच्या विशेष पानात एका जपानी ख्रिस्ती समाजवादी लेखकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न भाविक वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तररंगात आख्यान कोणाचे लावावे, हे पूर्वरंगातील पदावरून ठरते. तिसऱ्या अध्यायातील ‘लोकसंग्रह’ हा शब्द निरूपणास घेतला की मला तोयोहिको कागावा यांचे आख्यान आठवते.

कागावांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी जपानातील कोबे बंदरात झाला. वडील सधन व्यापारी. आई त्यांची विवाहित पत्नी नसून गेशा, म्हणजे नृत्यगायनावर उपजीविका करणारी स्त्री होती. मूल जेमतेम चार-पाच वर्षांचे होते तोच दोघेही निवर्तली. मग शिकोकू बेटावरील मूळ घरी, वडिलांच्या धर्मपत्नीच्या आश्रयाने, ते पोरके बालपण सरले. अमेरिकन मिशनऱ्यांकडे इंग्रजी शिकता शिकता येशूच्या चरित्राने त्यांचे चित्त वेधले आणि १९०४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे क्षयाने गाठले. आयुष्य थोडेच उरले आहे, ते दीनांच्या सेवेत वेचावे, अशा निश्चयाने २४ डिसेंबर १९०९ रोजी ते कोबेच्या शिंकावा या दरिद्री वस्तीत राहावयास गेले.

तेथील दैन्य कसे होते? नको असलेली तान्ही मुले काही पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधली जात. घेणारा पैशांतील काही भाग ठेवून उरलेल्या रकमेसह ते मूल पुढे लोटी. हातोहात रक्कम आटे, मूलही आटे आणि शेवटच्या घरी ते उपासमारीने मरे. असे एक मरणोन्मुख अर्भक कागावांनी आपल्या खोलीत आणून जगविले. भिकारी, रोगी, तुरुंगातून सुटलेले, कोणीही दाराशी आले तरी ते त्याला अंथरुणात जागा देत. अशाच सहवासात त्यांच्या डोळ्यांस खुपऱ्यांचा रोग जडला, तो जन्मभर सुटला नाही.

पण एक भुकेला जेवला तरी दुसरा दाराशी उभाच. १९१४ साली ते अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अध्ययनास गेले. तेथील वास्तव्यात न्यूयॉर्कमध्ये कामगारांचा मोर्चा पाहून त्यांना उमगले, की गरिबांनी स्वतः एकत्र आल्यावाचून केवळ दयेने हे दैन्य हटणार नाही. १९१७ साली परतल्यावर ते कामगार चळवळीत शिरले. १९२० साली ‘मृत्युरेषेच्या पलीकडे’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची आत्मचरित्रपर कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा खप प्रचंड झाला आणि मिळालेले धन चळवळीतच गेले. १९२१ साली कोबेच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. कागावांना अटक झाली आणि संपही फसला. मात्र त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कोबेत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली: सभासदांनी थोडे थोडे भांडवल घालावे, माल एकत्र घ्यावा आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यावा. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, शेतकरी संघही स्थापन झाला.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाचा अर्थ लोकांना एकत्र धरून त्यांचे धारण-पोषण करणे असा लाविला आहे. तो अर्थ येथे डाळ-तांदळाच्या हिशेबात उतरलेला दिसतो. श्रीमदाचार्यांच्या भाष्यात मात्र लोकांना आडमार्गापासून परतविणे, असा अर्थ आहे आणि तो अधिक कठीण आहे.

जानेवारी १९३९ मध्ये कागावा बारडोलीस महात्मा गांधींना भेटले. जपानचे चीनशी युद्ध चालू होते. कागावांना ते अमान्य होते. आपण करावे तरी काय, असे त्यांनी विचारले. गांधीजींनी उत्तर दिले, की एका पारड्यात तुमच्या सहकारी संस्था व सारे कार्य घाला, दुसऱ्यात राष्ट्राची अब्रू. अब्रू विकली जात आहे असे दिसले तर उघड बोला आणि गोळी झेला. १९४० साली युद्धविरोधाच्या आरोपावरून कागावांना अटक झाली, सुटका झाली. परंतु पुढे महायुद्धात त्याच कागावांनी अमेरिकेविरुद्ध नभोवाणीवरून भाषणे केली. पारडे कोठे झुकले, हे वाचकांस सांगावयास नको.

आणखी एक डाग आहे. १९१५ सालच्या गरिबांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी बुराकुमिन, म्हणजे जपानातील अस्पृश्य गणलेल्या समाजाविषयी, हीन वंशाचे म्हणून अपमानकारक लिहिले. ज्यांच्या शेजारी राहून जेवले-झोपले, त्यांच्याविषयी! अस्पृश्यता शरीराने मोडली तरी बुद्धीच्या कोपऱ्यात ती दडून राहते. आपल्या सोवळ्या घरांनी हा प्रसंग दोनदा वाचावा. पुढे त्या समाजाने ह्या लिखाणाचा जाब मागितला, तो रास्तच होता.

१९४७ व १९४८ साली साहित्याच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही. २३ एप्रिल १९६० रोजी टोकियोत त्यांचे देहावसान झाले. कोबेची ती संस्था १९६२ साली शेजारच्या नाडा येथील संस्थेशी एकरूप झाली. १९९५ च्या भूकंपात तिचे मुख्य कार्यालय कोसळले, तरी पडझड झालेल्या त्या शहरात तिच्या सेवकांनी अन्न आणि नित्याच्या वस्तू लोकांना पुरविणे थांबविले नाही.