धूर किती पीपीएम?

जुन्या दवाखान्यात शिरताच नाकात भरणारा वास आठवतो का? किंवा लाल कार्बोलिक साबणाचा? तो वास फिनॉलचा. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जखमांवर वापरलेले कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजे हेच फिनॉल. त्याच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचे बेट आहे. तेथील व्हिस्कीला नेमका हा दवाखान्याचा आणि धुराचा वास असतो, आणि लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात!

हा लेख व्हिस्की प्यावी की नाही याबद्दल नाही. मला त्यात रस वाटला तो एका आकड्यामुळे. या व्हिस्कींचे शौकीन त्यांची तुलना ‘फिनॉल किती पीपीएम’ यावरून करतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. बोमोर सुमारे २५, लागावुलिन सुमारे ३५, आर्डबेग सुमारे ५५. हे आकडे फळ्यावर लिहिले तर वर्गातला कोणीही सांगेल की आर्डबेग बोमोरच्या दुपटीहून जास्त धुरकट. गणित बरोबर, निष्कर्ष मात्र चूक. तो का चुकतो ते पाहू.

आयलावर पूर्वी झाडे फारशी नव्हती, जळण होते ते पीटचे. दलदलीत शेवाळ, गवत, हेदरची झुडपे हजारो वर्षे अर्धवट कुजत साचली की पीट तयार होते. त्याचा थर वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो. व्हिस्कीसाठी सातूला मोड आणतात आणि तो वाळवताना भट्टीत पीट जाळतात. पीटमधील वनस्पतींचे अवशेष, विशेषतः लिग्निन, उष्णतेने तुटते आणि फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल असे एकाच कुळातले पदार्थ धुरात येतात. सातू ओलसर असताना ते दाण्यांवर चिकटतात. ताकाला धुंगार देतो तसेच हे, फक्त टनावारी.

आता प्रश्न असा, की ५५ हा आकडा कशातला? तो बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही, भट्टीतून निघालेल्या सातूचा आहे. एक टन सातूत सुमारे ५५ ग्रॅम फिनॉल-कुळातले पदार्थ, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सातू दळतात, गरम पाण्यात भिजवतात, चोथा काढून टाकतात, रस आंबवतात, दोनदा ऊर्ध्वपातन करतात. या वाटेत बराच धूर गळून जातो.

किती गळतो ते ऊर्ध्वपातन करणाऱ्यावर अवलंबून असते. पात्रातून आधी हलके पदार्थ येतात, मग मुख्य अल्कोहोल, शेवटी जड पदार्थ. फिनॉलचा उत्कलनबिंदू १८२ अंश, ग्वायाकॉलचा २०५ अंश. हे पदार्थ मुख्यतः उशिरा उतरतात. पिंपात भरण्यासाठी फक्त मधला भाग घेतात. तो भाग लवकर थांबवला तर धूर कमी, उशिरा थांबवला तर जास्त. आयलावरच्या लागावुलिन आणि कल-ईला या दोन भट्ट्या पोर्ट एलन येथून जवळपास सारख्याच धुराचा सातू घेत आल्या आहेत. तरीही लागावुलिन दाट आणि भारदस्त, तर कल-ईला हलकी, स्वच्छ. आकडा तोच, पण पात्रांचा आकार आणि थांबवण्याची वेळ वेगळी.

शिवाय हा आकडा म्हणजे बेरीज. नाक बेरीज करत नाही. ग्वायाकॉल आपल्याला फिनॉलच्या शेकडोपट कमी प्रमाणात जाणवते. त्यामुळे एकूण किती यापेक्षा त्यात कोण किती हे महत्त्वाचे.

मग पिंप येते. कायद्याने स्कॉच किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात राहायला हवी. बहुतेक पिंपे अमेरिकेतून येतात, बर्बन व्हिस्की काढून घेतलेली. काही शेरीची. शेरी म्हणजे स्पेनमधल्या हेरेस परिसरातली, वरून अल्कोहोल घालून कडक केलेली वाइन. पूर्वी ती पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात मिळत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. तेव्हापासून व्हिस्कीसाठी म्हणून पिंपे मुद्दाम शेरीने मुरवून घेतात.

अशा ५०० लिटरच्या पिंपाच्या लाकडात काही लिटर शेरी मुरलेली असते. त्यातून मनुका, खजूर, अक्रोड यांची आठवण देणारे वास येतात. जुन्या शेरीत सोटोलॉन नावाचा पदार्थ असतो. आपल्या मेथीचा वासही त्याचाच! लाकूड युरोपीय ओकचे असेल तर टॅनिन जास्त, म्हणजे हिरड्याचा तुरटपणा. आणि ओकमधले लिग्निन? तेही हळूहळू तुटते आणि व्हॅनिलीन व लवंगेचे युजेनॉल देते. रेणूंच्या आकृत्या शेजारी काढून पाहा: ग्वायाकॉल, युजेनॉल, व्हॅनिलीन ही सख्खी भावंडे दिसतील. धूर, लवंग आणि व्हॅनिला एकाच घरातले आहेत, हे मला आजही नवलाचे वाटते.

पिंपाचा वापरही निरनिराळा. बोमोरची १५ वर्षांची व्हिस्की १२ वर्षे बर्बनच्या आणि शेवटची ३ वर्षे ओलोरोसो शेरीच्या पिंपात असते. लागावुलिनच्या एका प्रकाराला शेवटी पेद्रो हिमेनेस या, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांच्या गोड शेरीचे पिंप मिळते. आर्डबेगच्या ‘ऊगादाल’मध्ये दोन्ही पिंपांतली व्हिस्की एकत्र करतात. किल्होमनची ‘लॉक गोर्म’ शेरीच्या पिंपातच वाढते. माझ्या नाकाला ऊगादालमध्ये धूर पुढे आणि मनुका मागे वाटतात, बोमोरमध्ये उलट. किल्होमनचा सातू सुमारे ५० पीपीएमचा, म्हणजे आर्डबेगच्या जवळचा, तरी ‘लॉक गोर्म’चा धूर मला जाड गोधडीखालून आल्यासारखा भासतो.

धूर नाहीसा झाला का? नाही, बराचसा झाकला गेला. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड लेइंग व त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये दाखवले की मिश्रणातले तीन-चारपेक्षा जास्त वास माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, मग ते वास ओळखीचे असले तरी. एक वास वाढला की दुसरा दबतो. यंत्राला दिसणारे फिनॉल तेवढेच राहते, नाकाला कमी भासते.

हे वर्गात व्हिस्कीशिवाय करून पाहता येते. पातेलेभर ताकाला निखाऱ्याचा धुंगार द्या आणि ते चार सारख्या भांड्यांत ओता. पहिले तसेच ठेवा. दुसऱ्यात व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब, तिसऱ्यात लवंगेची चिमूटभर पूड, चौथ्यात दोन्ही आणि वाटलेल्या मनुका घाला. भांडी कापडाने झाका, फक्त क्रमांक दिसू द्या, आणि मुलांना केवळ वासावरून धुरकटपणाची क्रमवारी लावायला सांगा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहून झाले की मगच सांगा, की चारही भांड्यांतले ताक एकाच पातेल्यातले होते.