साधा फोन घेतांना

‘मला फोन नको,’ असें म्हणणारीं माणसें अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांना यंत्राची भीति वाटते असें नव्हे. दिवसभर वाजणारें, उजळणारें आणि मालकालाच कामाला लावणारें साधन खिशांत बाळगण्याची त्यांची इच्छा नसते, इतकेंच. परंतु बँकेचा सांकेतिक आंकडा फोनवर येतो, गॅसच्या सिलिंडरची नोंदणी फोनवर होते, आणि रस्त्यावरच्या पी. सी. ओ.च्या पिवळ्या पाट्या तर जवळजवळ नाहींशा झाल्या. म्हणून अखेर फोन घ्यावाच लागतो. आणि तो साधा व स्वस्त असावा, ही त्यांची अपेक्षा सर्वस्वीं रास्त आहे.

भारतांत मोबाईलवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें. त्या काळीं येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ सालीं येणारे फोन मोफत झाले. त्याच वर्षीं नोकिया कंपनीनें ‘११००’ हा फोन काढला. धूळ शिरूं न देणारीं बटणें, माथ्यावर विजेरी आणि दिवसचे दिवस टिकणारी बॅटरी, एवढेंच त्याचें भांडवल. तरी जगांत त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. साधेपणाची आवड म्हणजे मागासलेपणा नव्हे, हें एवढ्यावरून दिसेल.

मात्र आज साधा फोन घेणाराला एक अडचण येते, ती त्या काळीं नव्हती. सर्वांत स्वस्त फोन बहुधा ‘२जी’ म्हणजे दुसऱ्या पिढीचे असतात. या पद्धतींत संभाषणासाठीं स्वतंत्र वाट राखून ठेवलेली असते. ‘४जी’ पद्धतींत आवाजाचे बारीक तुकडे करून ते इतर माहितीबरोबरच धाडले जातात व पलीकडे पुन्हा जुळविले जातात. दोन्हींचें काम एकच, पण एकीची भाषा दुसरीला कळत नाहीं. जिओ कंपनीची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजीं सुरू झाली ती ४जीवरच; २जीचें जाळें तिच्यापाशीं नाहीं. त्यामुळें तिचें सिम केवळ २जी चालणाऱ्या फोनांत घातलें, तर फोन मुका राहतो. उलट, त्याच कंपनीनें २०२३ सालीं ९९९ रुपयांस काढलेला ‘जिओभारत’ हा बटणांचा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बोलत नाहीं. एअरटेल, व्ही-आय आणि बी. एस. एन. एल. यांच्या सिमवर २जी फोन चालतो. थोडे अधिक पैसे देऊन २जी व ४जी दोन्ही चालणारा बटणांचा फोन घेतला, तर पुढें कंपनी बदलण्याची वाट मोकळी राहते.

दुसरा प्रश्न गांवाचा. मावळांतील पवनानगर हें पवना धरणाजवळचें बाजाराचें गांव. भोंवतालच्या मुलुखांत तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे किल्ले माथ्यावर घेऊन डोंगर उभे आहेत. मोबाईलच्या लहरी साधारणपणें सरळ रेषेंत जातात. डोंगराआड त्या क्षीण होतात. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारें ३३ सेंटिमीटर लांब, तर २३०० मेगाहर्ट्‌झची सुमारें १३ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याला वळसा घालून व भिंतींतून आंत अधिक सहज शिरते; आंखूड लहर लवकर अडते. म्हणून बाजारांत उत्तम रेंज देणारी कंपनी वाडीवरच्या घरांतही तितकीच चालेल, असा भरंवसा धरतां येत नाहीं. शिवाय रेंज कमी असली कीं टॉवरला गांठण्यासाठीं फोन अधिक जोर लावतो आणि बॅटरी लवकर उतरते.

विहिरीची खोली पाहून मगच दोर घ्यावा. प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून निरनिराळ्या कंपन्यांचे फोन मागून घेऊन माजघरांत, पडवींत आणि अंथरुणापाशीं उभें राहून बोलून पाहावें. कंपनी ठरली कीं मग दुकानीं जावें. तेथें आपलें सिम घालून दुकानदारादेखत बोलावें. आवाज मोठा आहे कीं नाहीं, आंकडे चष्म्याविना वाचतां येतात कीं नाहीं, बॅटरी काढून बदलतां येते कीं नाहीं, हें पाहावें. *#०६# हीं बटणें दाबलीं असतां पडद्यावर १५ आंकड्यांचा क्रमांक उमटतो. तो पेटीवरच्या क्रमांकाशीं ताडून घ्यावा. रेडिओ असल्यास तोही लावून पाहावा; पुष्कळ फोनांत कानांत घालावयाची तारच आकाशतारेचें काम करते.

खरा खर्च फोनचा नसून रिचार्जचा असतो. इंटरनेट न वापरणारालाही तें विकत घ्यावें लागे. या तक्रारीची दखल घेऊन दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २३ डिसेंबर २०२४ रोजीं नियम दुरुस्त केले व केवळ बोलणें आणि संदेश यांसाठींही रिचार्ज ठेवणें कंपन्यांना बंधनकारक केलें. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकते. दुकानांत असा रिचार्ज नांव घेऊन मागावा. बँकेचा सांकेतिक आंकडा साध्या फोनवरही येतो. तो मात्र कोणीं कितीही गोड बोलून विचारला तरी सांगूं नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनांत ५ किंवा ९ हा आंकडा दाबून धरल्यास संकटकाळच्या मदतीस फोन लागावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो आंकडा कोणता, हें विकत घेतांनाच विचारून ठेवावें. ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसतांनाही दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागूं शकतो. मुलें पुण्या-मुंबईस आणि वृद्ध आईबाप गांवीं, अशीं घरें आज थोडीं नाहींत. आषाढांतल्या रात्रीं वीज गेली आणि छातींत कळ आली, तर त्या घराला भारी फोन नको असतो. हांक पोंचविणारा फोन हवा असतो. तसा फोन हजार-दोन हजार रुपयांतही मिळतो. मात्र तो पेटीवरचें चित्र पाहून नव्हे, आपल्या घरांतली रेंज पाहून निवडावा लागतो.